चिलयाचं आख्यान चालतं, मग या पोरांचं गाणं का नाही?

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
सभागृह व्यवस्थापन समिती, लातूर.

विषय : मेटल बँडच्या कार्यक्रमाचं आरक्षण रद्द केल्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

तीन मुलं आणि एक मुलगी अशा चौघांच्या बँडला आपल्या समितीनं दिलेली तारीख, कार्यक्रम आठवड्यावर आलेला असताना काढून घेतली. त्यांना दिलेल्या पत्रात कारण असं आहे : सदर संगीत निराशाजनक व नकारात्मक स्वरूपाचे असून शहरात शिक्षणासाठी राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर विपरीत परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुढे हे पत्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरलं. मुलांनी मग दोन-तीन मंगल कार्यालयांत विचारून पाहिलं, तर "तिकडं नाही म्हणलेत ना, मग आमच्याकडं कशाला?" हेच उत्तर मिळालं. एका सभागृहाचा निर्णय असा सगळ्या गावाचा होऊन बसला, म्हणून मीही गावासमोरच बोलतोय.

माझी आपली ओळख आहे. माझा साउंडचा धंदा आहे. आपल्याकडे व्याख्यान असो, शाळेचं गॅदरिंग असो, माइक बरेचदा माझाच असतो. हे पत्र वाचल्यावर ते काम माझ्याकडे राहील का, देव जाणे. ही मुलं सराव करतात ते माझ्या गोदामात, खुर्च्यांच्या चळती आणि लग्नातल्या गाद्यांच्या ढिगाऱ्यांमध्ये. गाद्या आवाज पितात, त्यामुळे शेजारच्या दाळमिलवाल्याची आजवर तक्रार नाही. शिवाय मी स्वतः डिप्लोमाला असल्यापासून हे संगीत ऐकतो. होस्टेलच्या पार्टनरनं पुण्याहून आणलेल्या कॅसेटीवर कॅसेट भरून घ्यायची, अशी आमची सुरुवात. तेव्हा या भांडणात मी तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

समितीतल्या कुणी हे संगीत ऐकलं असेल असं आपल्या पत्रावरून वाटत नाही. म्हणून थोडं सांगतो. मेटल म्हणजे जड, खरखरीत गिटारवर उभा असलेला रॉक संगीताचा प्रकार. मेटल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नुसती वेगवान आदळआपट येते. ही मुलं वाजवतात त्या प्रकाराला डूम मेटल म्हणतात आणि ते अतिशय संथ असतं. गिटारच्या तारा सैल सोडून सूर खाली उतरवलेला असतो. एक स्वर छेडला की तो विरत जाईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. ड्रमवाल्याचं अर्धं कौशल्य हात आवरण्यात असतं. एक गाणं दहा-बारा मिनिटं सहज चालतं. माझ्या अठरा इंची बेस स्पीकरमधून तो खालचा स्वर निघतो तेव्हा कानाआधी छातीला कळतो, आणि बराच वेळ अडकवून ठेवलेला सूर शेवटी सुटतो तेव्हा गोदामात बसलेली सगळी माणसं एकदम श्वास सोडतात. मी मिक्सरवरून हे पाहतो. मिक्सरवर बसलेल्या माणसाचं तोंड प्रेक्षकांकडेही असतं, गायकाकडेही.

हा आवाज आला कुठून, तेही ऐका. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथं टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशिनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर कातडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर आणखी खाली नेला, कारण घट्ट तार दाबताना बोटं दुखायची. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी आली आणि सगळं हेवी मेटल तिथून निघालं असं मानतात. आपल्या एमआयडीसीत प्रेसवर बोट गमावलेली माणसं मला माहीत आहेत, आपल्यालाही असतील. ज्या जड, काळवंडलेल्या आवाजाला आपण निराशा म्हणता, तो अशाच एका कामगारानं गिटार खाली ठेवायची नाही म्हणून शोधलेला आहे. ५ जुलै २०२५ रोजी त्याच शहरात या बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला. गायक ओझी ऑसबर्न पार्किन्सन्समुळे उभा राहू शकत नव्हता, तो बसून गायला. सतरा दिवसांनी तो गेला. त्या गर्दीतली रडणारी आणि त्याच वेळी गळा फाडून साथ करणारी माणसं ज्यांनी चित्रफितीत पाहिली, त्यांना 'निराशाजनक' हा शिक्का कुठं मारायचा ते सापडणार नाही.

आता तक्रारींकडे येतो.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार ही की, दुःखाचं गाणं ऐकलं की माणूस दुःखी होतो, हे आपण गृहीतच धरलंत. आणि हे गृहीत धरणारं सभागृह मराठवाड्यात आहे! आपल्याच मंचावर कीर्तन महोत्सव होतो, साउंड माझा असतो. चिलया बाळाचं आख्यान लागतं. चांगुणा पोटच्या लेकराचं डोकं उखळात घालून कांडते, आणि अतिथी विन्मुख जाऊ नये म्हणून डोळ्यांत पाणी न आणता गाते. बुवा तिथं आवाज खाली आणतात, मृदंग थांबतो, मी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमण, किंचित वाढवतो. पुढच्या रांगांतल्या बायांचे पदर डोळ्यांना लागलेले असतात, मागचे मिशाळ गडी वर पंख्याकडे बघत असतात. अर्ध्या तासानं हीच मंडळी महाप्रसादाच्या रांगेत हसत-बोलत उभी असतात आणि म्हणतात, आज बुवांनी काय रंगवलं! शेवटी बाळ जिवंत होतं, हे मलाही माहीत आहे. पण लोक परत परत येतात ते त्या उखळापाशी रडायला. त्या आख्यानाचा 'विपरीत परिणाम' तपासावा असं समितीला कधी वाटलं नाही, आणि वाटूही नये.

मोहरमच्या मजलिशीलाही मी माइक लावलेत. मर्सिया, म्हणजे करबलाची शोकगीतं, ऐकून बाहेर पडणाऱ्या माणसांचे चेहरे पाहिलेत. जनाबाई आपल्या शेजारच्या गंगाखेडची. जात्यावरच्या ओव्यांत सुखाच्या किती आणि सासरच्या जाचाच्या, मेलेल्या भावाच्या, तुटलेल्या माहेराच्या किती, हे एखाद्या म्हातारीला विचारा. त्या ओव्या गाऊन दळण हलकं व्हायचं, असंच ती सांगेल.

व्याख्यानांना माइक लावून लावून दोन गोष्टी माझ्याही कानावर पडल्या आहेत. करुण रसातून आनंद कसा मिळतो, हा प्रश्न संस्कृतातल्या पंडितांपासून चालत आलेला आहे. नाटककार भवभूतीनं तर करुण हाच एक रस, असं म्हणून ठेवलं. मराठीत न. चिं. केळकरांनी त्याला 'सविकल्प समाधी' असं उत्तर दिलं : आपण दुसऱ्याच्या दुःखात शिरतो, पण आपलं भान सुटत नाही, आणि दोन्हीकडे एकदम असण्यातच गोडी आहे. हे मी आपल्याच सभागृहात, आपणच बोलावलेल्या वक्त्याकडून ऐकलं. पहिल्या रांगेत कोण कोण मान डोलावत होतं, तेही मला दिसत होतं.

आपल्याला परदेशी संशोधनच लागत असेल तर तेही आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ साली मेटल आणि तशाच कडक संगीताच्या ३९ श्रोत्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींना दहा मिनिटं त्यांच्या आवडीचं कडक संगीत ऐकू दिलं, काहींना नुसतं शांत बसवलं. संगीतानं राग वाढला नाही. चिडचिड दोन्हीकडे उतरली, आणि ऐकणाऱ्यांना वर उत्साह, स्फूर्ती वाटली. २०१४ साली बर्लिनच्या दोघा संशोधकांनी ७७२ जणांना विचारलं की उदास संगीत ऐकून काय वाटतं. सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर 'दुःख' हे नव्हतं. जुन्या आठवणींची हुरहुर, हे होतं. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात डेथ मेटल या मेटलच्या आणखी कडक प्रकारावर काम झालं. तेच गाणं चाहत्यांना आनंद आणि बळ देत होतं आणि इतरांना ताण, भीती. म्हणजे मोबाइलवर अर्धा मिनिट ऐकून आपल्याला भीती वाटली असेल, तर ती खोटी नाही. पण ती आपली आहे, ऐकायला येणाऱ्यांची नाही.

सगळ्यांनाच यानं बरं वाटतं, असा माझा दावा नाही. काही माणसं एकाच दुखऱ्या विचाराभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत राहतात. अशांना उदास गाणी आणखी आत नेतात, असंही अभ्यासांत दिसलंय. अशा मुलाला गाण्यापेक्षा माणसाची गरज असते, डॉक्टरची गरज असते. पण ते मूल खोलीत एकटं, कानात हेडफोन घालून बसलंय की दोनशे जणांत उभं आहे, यात फरक आहे की नाही? आपण बंद केलं ते दुसरं. पहिलं बंद करणं कुणाच्याच हातात नाही.

दुसरी तक्रार विद्यार्थ्यांच्या नावाची. लातूर पॅटर्नच्या नावावर हजारो लेकरं इथं येतात. कॉट बेसिसवर राहतात, मेसचं खातात, रविवारी टेस्ट देतात, संध्याकाळी मार्क घरी कळवतात. त्यांच्यावर ताण आहे हे खरंच आहे, आणि समितीला त्याची काळजी वाटली याबद्दल मला आदरच आहे. पण ही काळजी गाणं बंद करताना एकदम कशी उगवली? रँकवार बॅचेस पडतात, गुणांचे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात, नापास होण्याबद्दल कुणी शब्द काढत नाही. त्यावर समितीनं कधी ठराव केल्याचं ऐकिवात नाही. उलट टॉपरांचे सत्कार आपल्याकडेच होतात. साउंड माझाच असतो, म्हणून माहीत.

या मुलांच्या सरावाला एक रिपीटर, म्हणजे परीक्षा पुन्हा देणारा, पोरगा येऊन बसतो. परभणीकडचा आहे. बोलत नाही फारसा. टेस्ट झाली की येतो, उलट्या ठेवलेल्या स्पीकरच्या बॉक्सवर बसतो, दोन्ही तळवे बॉक्सच्या फळीला टेकवतो म्हणजे हादरा हातात येतो. एकदा सगळ्यांत लांबलचक, सगळ्यांत रडवं गाणं संपल्यावर मी विचारलं, "काय रे, कसं वाटालंय?" तो म्हणाला, "काका, रडू यालंय, पण बरं वाटालंय." आणि मग त्यानं केबल गुंडाळायला मदत केली. केबल कशी गुंडाळायची ते त्याला माहीत नव्हतं, कोपरावरून गुंडाळत होता. शिकवली. आता तो ड्रमरशी वाद घालतो, की मधला भाग अजून हळू पाहिजे. या पोराचं मानसिक आरोग्य आपण कुणापासून वाचवताय?

मी त्याच्यापेक्षा थोडा मोठा होतो तेव्हा माझे वडील गेले. भेटायला येणारा प्रत्येक माणूस धीर धर म्हणायचा. त्या संथ गाण्यांनी मला धीर धर म्हटलं नाही. माझ्याइतक्याच जड पावलांनी ती सोबत चालली, इतकंच.

तिसरी तक्रार. "गाण्यांचे आशय नकारात्मक" असं आपल्या पत्रात आहे. कोणतं गाणं? यांचं सर्वांत लांब गाणं मराठीत आहे आणि ते २०१६ च्या लातूरवर आहे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी वाटपाच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं कलम १४४ लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत होती आणि रांगेत घागरी धरून उभी राहत होती. आज ती वीस-एकवीस वर्षांची आहेत. त्यांनी लिहिलंय :

घागरीवर आईचं नाव
रंगानं लिहिलेलं,
नावालासुद्धा तहान लागलेली.

हे ती मुलगी आधी साध्या आवाजात गाते, जवळजवळ ओवीसारखं. मग तेच शब्द घशातून, खरखरीत गुरगुरण्यात येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या गोदामातला हमाल, जो एरवी फक्त कव्वाली ऐकतो, म्हणाला, "टँकर आल्यावर माणसं असंच वरडत होते." त्याला कुणी डूम मेटल समजावून सांगितलं नव्हतं. ही नकारात्मकता असेल तर त्या वर्षीचं लातूरही नकारात्मक होतं, आणि ते आपण सगळे जगलोत.

चौथी, आवाजाची. पत्रात नाही, पण मुलांना तोंडी सांगितलं गेलं. इथं मात्र मी अधिकारानं बोलतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि बंदिस्त सभागृहाला त्या बंदीतून सूट आहे. आवाज बाहेर गेला नाही म्हणजे झालं. कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता. बाहेर गेटपाशी मीटर लावायची माझी तयारी होती, तसं मी आपल्या व्यवस्थापकांना सांगितलंही होतं. याच गेटसमोरून वरातीतला डीजे जातो तेव्हा सभागृहाच्या खिडक्यांची तावदानं वाजतात. मी धंद्यातला माणूस आहे, डीजेवाल्यांचं पोट मला कळतं. पण मग नियम सगळ्यांना सारखा लावा.

पाचवी थोडक्यात : एका सदस्यांनी "सैतानाची पूजा" म्हटल्याचं कळलं. १९९० च्या दशकात नॉर्वेत ब्लॅक मेटल या मेटलच्याच एका प्रकारातल्या काही जणांनी चर्च जाळली. तो गुन्हा होता आणि त्यांतल्या काहींना शिक्षा झाल्या. त्यावरून या बँडमधल्या, डी. फार्मसी करणाऱ्या लातूरच्या पोरीला जाब विचारणं म्हणजे कहर झाला. अमेरिकेतही एका मेटल बँडवर तरुणांच्या आत्महत्येचं खापर फोडणारा खटला झाला होता. १९९० साली नेवाडात निकाल बँडच्या बाजूनं लागला. हे सगळं जगात होऊन, बोलून, भांडून झालेलं आहे. आपण पस्तीस वर्षांनी त्याच ठिकाणाहून सुरुवात करतोय.

आणि एक बारीक गोष्ट. कार्यक्रम रद्द केला आपण, तरी अनामतीतून साफसफाईचे पैसे कापून घेतलेत. जो कार्यक्रम झालाच नाही त्याचा कचरा कुणी केला?

मागण्या अशा :

१. आरक्षण रद्द करणारा ठराव मागे घ्या. घ्यायचा नसेल तर तो कोणत्या नियमाखाली आणि कुणी काय ऐकून केला, ते लेखी द्या. "वरून सांगितलं" हे उत्तर नको. समितीच्या वर कुणी नाही, हे आपल्याच घटनेत आहे.

२. नवी तारीख द्या. नीट आणि बारावीच्या काळात नको असेल तर मुलांचीही तयारी आहे. नीट संपल्यानंतरचा कुठलाही शनिवार चालेल.

३. आवाजाची मर्यादा ठरवा, ती फलकावर लावा, आणि कीर्तन, गॅदरिंग, ऑर्केस्ट्रा, मेटल सगळ्यांना एकच लावा. मीटर माझ्याकडून, भाडं नको.

४. विद्यार्थ्यांची काळजी खरी असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक सभागृहाच्या दारात कायमचा लावा, टॉपरांच्या सत्काराच्या दिवशीसुद्धा. मुलं आपल्या पोस्टरवर तो छापणारच आहेत. तुमच्या पत्राआधीच ठरलं होतं ते.

५. तारीख द्यायच्या आधी समितीतल्या दोघा-तिघांनी गोदामात येऊन एक पूर्ण गाणं ऐकावं. आवडलं पाहिजे अशी अट नाही. आमच्या घरातही कुणाला आवडत नाही. बायको म्हणते, जनरेटरमध्ये डिझेल कमी पडल्यासारखं वाटतं. तरी सरावाच्या दिवशी पोरांचा चहा तीच पाठवते.

६. अनामत पूर्ण परत करा. बाकीच्या गोष्टींना समितीची बैठक लागेल, वेळ लागेल, समजू शकतो. ही मात्र या आठवड्यात करा. ड्रमच्या पेडलची स्प्रिंग तुटली आहे आणि नवीन पेडलचे पैसे त्यातूनच द्यायचे आहेत.

कळावे,
आपल्या सभागृहाचा नेहमीचा साउंडवाला,
लातूर